जाहिरातीच्या मेलची कुळकथा

धायरीतून दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकणाऱ्या कुणाच्याही जाहिरातीच्या मेलचा कोड उघडून बघा. टेबलात टेबल, त्या टेबलाच्या घरात आणखी एक टेबल. वेबसाइट बांधणाऱ्यांनी ही पद्धत केव्हाच सोडली. मेलमध्ये ती अजून नांदते आहे, आणि का नांदते हे शोधत गेलं की मेलचं सगळं कूळ उलगडतं.

मूळपुरुष ठाऊक आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर असलेल्या सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा मेल धाडला: आमचे नवे संगणक बघायला या. पत्ते छापील यादीतून उतरवून टाइप केलेले. ते रकान्यात मावेनात, तेव्हा उरलेले थेट मजकुरात सांडले. निमंत्रणाच्या आधी परक्यांच्या पत्त्यांची लांबच लांब रांग, आणि सगळं कॅपिटल अक्षरांत. अमेरिकी संरक्षण खात्याकडून कडक समज आली. त्या एका मेलने लाखो डॉलरचे संगणक विकले गेले, असं थर्क मात्र पुढे सांगत राहिले.

आपल्याकडचं कूळ याहून जुनं आणि, माझ्या मते, अधिक खानदानी. १८७७ साली टपाल खात्याने व्हीपी सुरू केली आणि कधी न पाहिलेल्या दुकानदाराकडून माल मागवता येऊ लागला. पैसे पार्सल हातात पडताना द्यायचे. कॅश ऑन डिलिव्हरीची ही आजीच. मग १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी म्हणून. पण वाचणाऱ्याच्या वेळेचं आपण काही देणं लागतो, ही जाण त्यात होती. म्हणून तर कारखान्याचं ते पत्रक पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. थर्क यांच्या मेलमध्ये नेमकी तीच जाण नव्हती.

आता त्या टेबलांकडे. आउटलुकच्या २००७ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने मेल दाखवण्याचं काम ब्राउझरच्या इंजिनाकडून काढून वर्डकडे सोपवलं. वर्डला वेबची नवी मांडणी उमगेना. टेबल तेवढं कळे. डिझायनर टेबलाला चिकटले ते कायमचे. साधारण ६०० पिक्सेल रुंदीचा रिवाजही असाच, मेल वाचायच्या अरुंद खिडकीत मावावं म्हणून पडला.

चित्रांचं दुखणं वेगळं. डिसेंबर २०१३ पर्यंत जीमेल बाहेरची चित्रं आपणहून दाखवत नसे. अनारशाचा फोटो, भाव, बुकिंगची शेवटची तारीख असं सगळं एका मोठ्या चित्रात कोंबलं, की पाहणाऱ्यापुढे नुसती रिकामी चौकट यायची. त्यामुळे भाव आणि तारीख खऱ्या अक्षरांत लिहायची, ‘ऑर्डर करा’चं बटणसुद्धा टेबलाच्या एका घरात रंग भरून करायचं, अशी शिस्त लागली. ज्या मेलला आज आपण नीटनेटका म्हणतो, त्याला हे वळण अडचणींनी लावलं आहे. कोड १०२ किलोबाइटच्या पुढे गेला तर जीमेल तो मेल मध्येच छाटतं, आणि तळाची अनसबस्क्राइबची ओळ नजरेआड होते.

तीच ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ठोक मेल धाडणाऱ्यांवर एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय बंधनकारक केली आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितल्या. गूगलच्या लेखी ठोक म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० मेल. फराळवाल्यांचा आकडा बहुधा तिथवर जाणार नाही. तरीही त्यांनी ती ओळ ठळक, बोटाने सहज दाबता येईल अशी ठेवावी. नाव काढायची वाट सापडली नाही, की वैतागलेला माणूस सरळ स्पॅमवर बोट ठेवतो. आणि अशी बोटं वाढली, की ज्यांनी हौसेने अनारसे मागितले होते त्यांच्याही इनबॉक्सात पुढचा मेल पोचत नाही.