जहाजाच्या सज्ज्यातील आसने

पर्यटन जहाजावरील खोलीला जोडलेल्या खासगी सज्ज्यात, म्हणजे बाल्कनीत, प्रवाशांसाठी खुर्च्या व लहान मेज ठेवलेले असते. पूर्वी प्रवासी सामायिक डेकवरच्या लांब लाकडी आरामखुर्च्यांवर पहुडत. सज्जा अरुंद असल्याने तेथे ॲल्युमिनियमच्या, जाळीदार कापडाच्या सुटसुटीत खुर्च्या अधिक सोयीच्या ठरतात. जाळीतून पाणी निथळते, खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही. पाय पसरण्याचे सुख मात्र बहुधा महागड्या खोल्यांपुरतेच उरते.

आरामाहून मोठा प्रश्न आगीचा ठरला. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाच्या एका सज्ज्यात आग लागली. सिगारेटचे थोटूक हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. प्लास्टिकची आसने व सज्ज्यांमधील पॉलिकार्बोनेटचे पडदे पेटत गेल्याने ती वरच्या मजल्यांवर पसरली. धुरामुळे एका प्रवाशाचा मृत्यू झाला. पुढे ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली. सज्ज्यातील सामान आगीचा धोका मर्यादित ठेवणारे असावे, अन्यथा तेथे आगीची सूचना देणारी व पाणी फवारणारी यंत्रणा बसवावी, अशी ही तरतूद १ जुलै २००८ पासून अमलात आली. तिची कक्षा जहाजांपुरतीच आहे. ठाण्यातील घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत सज्ज्यात मांडलेली प्लास्टिकची खुर्ची तिच्यात येत नाही.