विहिरीत बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणं जिवावर का बेतू शकतं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बीड जिल्ह्यातल्या ज्या विहिरींना पाणी टिकून असतं, तिथं पोरांची गर्दी होते. पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचं, मग मुटका, मग सूर आणि शेवटी पैज: तळाचा गाळ मुठीत घेऊन कोण वर येतो? विहिरीत पडलेली बादली काढायलाही अशीच बुडी मारली जाते. सिलिंडर नाही, नळी नाही, सगळा खेळ छातीत भरलेल्या एका श्वासावर.

याच प्रकाराला जगात फ्रीडायव्हिंग म्हणतात. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूद यांनी २००९ मध्ये पाण्यात निश्चल राहून ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला होता. असे आकडे मोबाइलवर पाहून अनेकांना वाटतं, की बुडी मारण्याआधी दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घेतला की जास्त ऑक्सिजन साठतो. हा समज चुकीचा आहे आणि चांगल्या पोहणाऱ्याचाही जीव घेऊ शकतो.

कोरोनाच्या काळात बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलेला आकडा आठवा. निरोगी माणसात तो साधारण ९५ ते ९९ असतो. म्हणजे शांत बसलेलं असतानाही रक्त ऑक्सिजनने जवळपास भरलेलंच असतं. भराभर श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. बदलतं ते वेगळंच: शरीरातला कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला जातो.

आणि नेमकी इथंच गोम आहे. दम कोंडल्यावर जीव घाबरा होतो, छाती आणि पोट आतून हिसके देतात, ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ‘आता वर चल’ असं सांगणारी ती घंटा असते. ऑक्सिजन कमी होत असल्याची इतकी ठळक जाणीव शरीराला होत नाही. आधीच कार्बन डायऑक्साइड काढून टाकला तर घंटा उशिरा वाजते, ऑक्सिजन मात्र ठरल्या वेगानेच संपत राहतो. मग घंटा वाजण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. ना धडपड, ना हाक. काठावरच्यांना वाटतं, गडी अजून दम धरून आहे.

खोलीमुळे धोका आणखी वाढतो. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे फुप्फुसातला उरलासुरला ऑक्सिजन रक्तात जात राहतो आणि बरं वाटतं. वर येताना दाब उतरतो, तसा ऑक्सिजनचा पुरवठाही एकदम घसरतो. म्हणून शुद्ध अनेकदा शेवटच्या काही फुटांत किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर हरपते. पण त्यासाठी खोल पाणीच लागतं असंही नाही, कमरेएवढ्या पाण्यातही हे घडू शकतं.

मग प्रशिक्षित डायव्हर करतात काय? ते उलट श्वास संथ करतात. दोन-तीन मिनिटं अंग सैल सोडून, पोट हलेल असा नेहमीच्याच मापाचा श्वास घ्यायचा आणि सोडताना घाई करायची नाही. हेतू एवढाच, की हृदयाची गती उतरावी आणि ऑक्सिजन कमी खर्च व्हावा. शेवटी एकच पूर्ण श्वास: आधी पोट, मग छाती. बोटांना मुंग्या आल्या, गरगरलं तर श्वास जास्त झाला, बुडी रद्द. वर आल्यावर सगळी हवा एकदम सोडत नाहीत. थोडी सोडून लगेच आत घेतात, असं काही वेळा करतात. पुढच्या बुडीआधी किमान आधीच्या बुडीच्या दुप्पट वेळ विश्रांती असते.

प्राणायाम करणाऱ्यांना ‘कुंभक’ म्हणजे श्वास रोखणं नवं नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधाममध्ये प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यासही झाला आहे. पण कुंभक जमिनीवर बसून करायचा असतो. तिथं भोवळ आली तर श्वास आपोआप सुरू होतो, पाण्यात त्याच श्वासाबरोबर पाणी आत जातं. विहिरीच्या काठावर भस्त्रिका किंवा कपालभाती करून उडी मारणं तर टाळाच. दमा, फिट येणं किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात मोठा नियम श्वासाचा नाहीच, सोबतीचा आहे. एक खाली, तर दुसरा वर, पूर्ण लक्ष देऊन, आणि बुडालेल्याला वर आणू शकेल असा. बुडी संपल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही. दम धरण्याची पैज तर लावूच नये.

कुणी बेशुद्ध झालाच तर तोंड पाण्याबाहेर धरून त्याला बाहेर काढा. उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर मान मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा दाब आणि २ श्वास, हे चक्र थांबवू नका. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करून गावाबरोबर शिवारातली नेमकी विहीरही सांगावी. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.