व्हील, अ‍ॅडमिन, सूडो : लिनक्समधील प्रशासक-गटांची वाटचाल

युनिक्समध्ये सुरुवातीपासून सर्वाधिकार शून्य क्रमांकाच्या 'रूट' खात्याकडे असत. १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेतच 'एसयू' ही आज्ञा आढळते. रूटचा पासवर्ड ठाऊक असलेल्याने ती चालवायची आणि रूट व्हायचे. पासवर्ड एक, जाणणारे अनेक; मग कोणी काय केले याचा माग काढणे अवघड. एक माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलून उरलेल्यांना कळवणे आलेच.

बर्कलेच्या बीएसडी युनिक्सने याला आवर घातला. पासवर्ड माहीत असला, तरी 'व्हील' गटात नाव नसल्यास एसयू दाद देत नसे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पाचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांना हे रुचले नाही. मूठभरांनी सत्ता बळकावल्यावर कोणी कळवळ्याने पासवर्ड इतरांना सांगितला, तरी या गटामुळे त्याचा उपयोग शून्य, असा त्यांचा आक्षेप. जीएनयूच्या एसयूमध्ये म्हणूनच ही अट ठेवली नाही, आणि कारण पुस्तिकेतच छापले. आज्ञांच्या पुस्तिकेत असा राजकीय मजकूर विरळाच.

पासवर्ड वाटण्याचा प्रश्न सोडवला तो 'सूडो'ने. १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात ते लिहिले. आज सूडो सहसा वापरकर्त्याचा स्वतःचाच पासवर्ड विचारते, 'सूडोअर्स' फाइलमधील नियम पाहते आणि आज्ञेची नोंद ठेवते. रेड हॅट परंपरेतील लिनक्स वितरणांत त्या फाइलमधील कळीची ओळ अशी असते: टक्क्याचे चिन्ह, त्याला जोडून 'व्हील', पुढे तीनदा 'ऑल'. म्हणजे कोणत्याही यंत्रावर, कोणाच्याही नावाने, कोणतीही आज्ञा. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या लेखी व्हील हा इतर गटांसारखाच एक क्रमांक. ती ओळ खोडली की सूडोपुरते सदस्यत्व नावापुरते उरते.

म्हणूनच गटाचे नाव कोणतेही चालले. २००४ मध्ये पहिल्याच आवृत्तीत उबुंटूने रूटचा पासवर्ड बंद ठेवून पहिल्या वापरकर्त्याला सूडोचे अधिकार दिले. पुढे तेथे 'अ‍ॅडमिन' गट रुळला, आणि २०१२ च्या १२.०४ आवृत्तीपासून डेबियनप्रमाणे 'सूडो' गट आला. नव्या सदस्याला मात्र पुन्हा लॉगिन केल्याखेरीज अधिकार मिळत नाहीत, कारण गटांची यादी सत्र सुरू होतानाच ठरते.

रूटचे अधिकार सूडोबाहेरूनही मिळू शकतात. २०१३ नंतर पसरलेल्या डॉकर या कंटेनर (विलग कप्प्यांत प्रोग्राम) चालवणाऱ्या साधनाचा गट सूडोअर्समध्ये नसतो. तरीही त्याचा सदस्य यजमान यंत्राची डिस्क कंटेनरमध्ये जोडून रूटइतकेच काही करू शकतो.