चर्च ऑफ इंग्लंडमधील स्त्रियांची दीक्षा

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना डीकन, धर्मगुरू व बिशप या पदांची दीक्षा द्यावी की नाही, यावरून प्रदीर्घ वाद झाला. ही पदे स्त्रियांना अनुक्रमे १९८७, १९९४ आणि २०१५ साली प्रत्यक्ष मिळाली. समान अधिकार मान्य होऊनही विरोधकांसाठी ठेवलेली सवलत मात्र कायम आहे.

पार्श्वभूमी

अँग्लिकन परंपरेतील पहिल्या स्त्री-धर्मगुरू इंग्लंडमध्ये नव्हे, तर चीनमध्ये झाल्या. युद्धकाळात मकावच्या मंडळीकडे धर्मगुरू पोहोचू शकत नसल्याने हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी १९४४ मध्ये फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. विरोधामुळे १९४६ मध्ये त्यांनी धर्मगुरूचे काम थांबवले. या वादामागची वृत्ती त्याहून जुनी आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, या कल्पनेला मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली होती. रमाबाईंनी ती हरकत निमूटपणे स्वीकारली नाही, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते.

सिनॉडमधील मतदान

असा बदल करण्यासाठी जनरल सिनॉडच्या तिन्ही सभागृहांत, म्हणजे बिशप, धर्मगुरू आणि सामान्य सभासद यांच्यात, स्वतंत्रपणे दोन तृतीयांश बहुमत लागते. ११ नोव्हेंबर १९९२ रोजी सामान्य सभासदांत १६९ विरुद्ध ८२ मते पडली. त्यांतील दोन मते जरी फिरली असती, तरी ठराव फेटाळला गेला असता. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये ३२ स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. बिशपपदाचा ठराव २०१२ मध्ये याच सभागृहात १३२ विरुद्ध ७४ मतांनी, म्हणजे सहा मते कमी पडून, अडला. बिशप आणि धर्मगुरूंनी तो मोठ्या बहुमताने मान्य केला होता. जुलै २०१४ मध्ये तो संमत झाला. २६ जानेवारी २०१५ रोजी लिबी लेन पहिल्या स्त्री-बिशप झाल्या.

विरोधकांसाठी तरतूद

विरोधकांत दोन वेगळे प्रवाह आहेत. एक कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरेशी फारकत नको म्हणतो. दुसरा बायबलच्या आधारे मंडळीचे नेतृत्व पुरुषाचेच मानतो. २०१४ च्या बिशपांच्या निवेदनानुसार एखाद्या धर्मग्रामाची समिती ठराव करून वेगळ्या, पुरुष बिशपची देखभाल मागू शकते. अशा बिशपांना बोलीभाषेत ‘उडते बिशप’ म्हणतात.

संकेतस्थळावरील माहितीचा प्रश्न

आज अनेकांना चर्चची पहिली ओळख संकेतस्थळावर होते. तेथे उपासनेच्या वेळा, प्रवचनांच्या ध्वनिफिती आणि थेट प्रक्षेपणाचे दुवे असतात. पण समितीच्या ठरावाचा उल्लेख सहज सापडेलच असे नाही. नव्याने आलेली स्त्री महिनोन्महिने काम करते आणि येथे आपण वेदीपाशी धर्मगुरू म्हणून उभ्या राहू शकणार नाही, हे तिला उशिरा कळते, अशी समर्थकांची तक्रार आहे. ठराव स्पष्ट शब्दांत नोंदवावा, अशी ‘विमेन अँड द चर्च’ या संघटनेची मागणी आहे. ही मागणी रास्त आहे. सवलत मान्य करणाऱ्यालाही ती लपवण्याचे कारण नसावे. उलट, आपली श्रद्धा चर्चने अधिकृतपणे मान्य केलेली असताना ती केवळ इशारावजा छापली जाऊ नये, असे ठराव करणाऱ्या मंडळ्यांना वाटू शकते.

करोनाकाळात, मार्च २०२० मध्ये, चर्चच्या इमारती बंद झाल्या आणि उपासना पडद्यावर आली. त्यामुळे घरबसल्या कोणत्याही मंडळीत, स्त्री-धर्मगुरूच्या वा पुरुषाच्या उपासनेत, सहभागी होता येऊ लागले. प्रभुभोजनापुरती मात्र मर्यादा राहिली: पडद्यासमोर भाकर व द्राक्षारस ठेवण्यास उत्तेजन देऊ नये, अशी सूचना होती.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी सारा मलाली यांचे नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झाले. त्या लंडनच्या बिशप असताना त्यांच्याच धर्मप्रांतातील ठराव केलेल्या अनेक मंडळ्यांची देखभाल फुलमचे बिशप करीत होते.