ब्योमकेशच्या मेसमध्ये एक रात्र

धोतराचा सोगा सांभाळा, ट्राम अजून थांबलेली नाही. इथे ती थांबायची वाट कुणी बघत नाही. वेग जरा मंदावला की उडी टाकायची आणि दोन पावलं धावत जायचं. टाकलीत? छान. आता बाजूला व्हा, मागून हातरिक्षा येतेय. ओढणारा अनवाणी आहे, त्याच्या हातातली घंटा दांड्यावर टणटण वाजतेय, आणि तुम्ही 1942च्या हिवाळ्यातल्या कलकत्त्यात भर रस्त्यात उभे आहात.

शहर डोळ्यांच्या आधी नाकाला भेटतं. तिन्हीसांजेला घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटल्यात आणि धूर वर जायचं नाव घेत नाही, गल्लीतच घुटमळतोय. त्यात मोहरीच्या तेलात पडलेल्या माशाचा ठसका, तुंबलेल्या गटाराचा दर्प, शेजारच्या माणसाच्या तोंडातला जर्दा. अंधार पडला तरी दिवे लागत नाहीत. रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या घातल्यात, खिडक्यांच्या काचांना काळा कागद. जपानी विमानं येणार म्हणतात. डिसेंबरात ती खरंच येणार आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, पण बोलू नका, हेर म्हणून धरतील.

जिना चढा. कठड्यावर वाळत घातलेली धोतरं चेहऱ्याला लागतील, तिकडे लक्ष देऊ नका. ही मेस. नोकरीसाठी शहरात आलेल्या बाबूंचं सामायिक बिऱ्हाड. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना इथला वास ओळखीचा वाटेल: घाम, बिडी, खोबरेल, ओलसर भिंत. त्या खाटेवरचा जाड भुवयांचा, जरा जास्तच आगाऊ पोरगा दिसतोय? तो ब्योमकेश बक्षी. तुम्ही दिबाकर बॅनर्जींच्या ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी!’ या 2015च्या चित्रपटात शिरला आहात, आणि सुशांतसिंह राजपूतने रंगवलेल्या या पोराला आपण किती कच्चे आहोत याचा अजून पत्ता नाही.

मला हा चित्रपट आवडतो तो इथेच. अजित नावाचा तरुण आपले वडील बेपत्ता झालेत म्हणून मदत मागायला येतो. ब्योमकेश त्याला वडिलांबद्दल असं काही थंडपणे ऐकवतो की अजितचा हात उठतो. थप्पड तुमच्या गालालाही लागते. हा हेर तर्काच्या उंच ओट्यावरून बोलत नाही. मार खातो, फसतो, प्रेत पाहून त्याच्या पोटात ढवळतं. बेपत्ता माणूस मेसमधून जाताना आपला पानाचा डबा मागे ठेवून गेला, एवढ्यावरून त्याचं डोकं धावायला लागतं. पानाचं व्यसन असलेला माणूस डब्याशिवाय घर सोडेल का? विचारा तुमच्या आजोबांना. असा पुरावा त्या घरातून, त्या सवयींतूनच निघू शकतो. त्या काळचं शहर नुसतं मागे पडद्यासारखं टांगलेलं नसून गुन्ह्यात हात घालून उभं आहे, असं तेव्हा वाटतं.

आणि मग गिटार वाजते. होय, इलेक्ट्रिक गिटार. दचकलात? स्नेहा खानवलकर आणि आजच्या काही बँडनी मिळून 1942च्या धुरात मेटल आणि रॅप सोडलंय. मारामारीत ते अंगावर येतं, मजा येते. पण शांत प्रसंगात तेच संगीत तुमची बखोटी धरून तुम्हाला थेट मल्टिप्लेक्सच्या खुर्चीत आणून आदळतं. पुन्हा उडी टाकून ट्राममध्ये चढेपर्यंत दोन प्रसंग निघून गेलेले असतात.

मध्यंतरानंतर दम लागायला लागतो. बेपत्ता माणसाच्या शोधात अफू येते, अफूमागे चिनी टोळी, तिच्यामागे जपानी हल्ल्याचा बेत, मध्येच राजकारण, मध्येच अंगूरीदेवी नावाची नटी. स्वस्तिका मुखर्जी दिसते झोकात, पण ती आली की गोष्ट तिच्याकडे बघत उभी राहते. एवढ्या पसाऱ्यात तो पानाचा डबा आठवतो कुणाला? मेसमधल्या एका माणसाचं काय झालं, याची तुम्हाला लागलेली तळमळ पार विझते. खुनी कोण, हेही कसलेला वाचक अर्ध्या वाटेवर ओळखतो. नाव सांगत नाही. इतकंच सांगतो की नटाने काम इतकं चोख केलंय की ओळखूनही त्याच्यावरून नजर हटत नाही. शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून लांबलचक उलगडा होतो, आणि पाठोपाठ इतकं रक्त सांडतं की काळोखातल्या हवाई हल्ल्याच्या भोंग्याची भीतीच निघून जाते. पुढच्या भागाची सोय म्हणून एक दार उघडं ठेवलंय. तो भाग काही आला नाही.

शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या मूळ ‘सत्यान्वेषी’ कथेत मेस आहे, कोकेनचा चोरटा धंदा आहे आणि त्याभोवतीचे खून आहेत. बस्स. चार भिंतींतला संशय, रात्री जिन्यावर वाजणारी पावलं. शरदिंदू पुढे मुंबईत सिनेमासाठी लिहायला आले आणि नंतर पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या उत्तरकाळातल्या कथा त्यांनी तिथे बसूनच लिहिल्या. पुणेकरांनी या बंगाली गृहस्थावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

तेव्हा असं करा. चित्रपट पाहा तो शहरासाठी. खोलीतले दिवे घालवा, आवाज मोठा ठेवा आणि पहिला तासभर त्या मेसमध्ये मुक्काम करा. त्या काळची इतकी दाट, इतकी घामट हवा हिंदी पडद्यावर क्वचितच मिळते. खुनाचं कोडं सोडवायची हौस असेल, तर मात्र मूळ कथा मिळवून वाचा.