दोन जीबीची वेस



फाइल वाचताना आपण कितव्या बाइटवर आहोत, हे संगणकाला एका आकड्यात लिहून ठेवावे लागते. त्या आकड्याला घरे किती ठेवली, यावर फाइल किती मोठी होऊ शकते हे ठरते. गणिताच्या वहीत पाचच घरे आखली, तर ९९,९९९ च्या पुढे जाता येत नाही, तसेच हे.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी रचलेली युनिक्स प्रणाली पीडीपी-११ यंत्रावर वाढली. त्या यंत्राचा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे अवघ्या ६५,५३६ किमतींचा. मोठ्या फाइलीत पुढे सरकायचे, तर ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांनी मोजावे लागे. पुढे 'सीक' या आज्ञेला ३२ बिटांचा 'लाँग' पूर्णांक मिळाला आणि तिचे नाव 'एलसीक' झाले. ते 'एल' आजही टिकून आहे.

३२ पैकी एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो. उरलेल्या ३१ बिटांत सर्वांत मोठा आकडा बसतो २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन जीबीला एक बाइट कमी. डिस्क मेगाबाइटांत मोजल्या जात तेव्हा ही वेस फार दूर होती. नव्वदच्या दशकात डेटाबेस तिला येऊन भिडले. १९९६ साली 'लार्ज फाइल समिट' या नावाने कंपन्यांनी तोडगा काढला. नवे प्रोग्राम ६४ बिटांनी मोजतील. जुन्याने याहून मोठी फाइल उघडू पाहिली, तर त्याला स्पष्ट नकार मिळेल. भलत्याच जागी लिहून माहिती बिघडण्यापेक्षा नकार बरा, हा त्यातला शहाणपणा.

त्याच वर्षी आलेल्या फॅट३२ मध्ये फाइलच्या आकाराला चिन्हाविना ३२ बिट मिळाले. म्हणून अशा पेनड्राइव्हवर जागा असूनही चार जीबीची व्हिडिओ फाइल मावत नाही. संमेलनाचे चित्रीकरण नेताना एक्सफॅटचा पेनड्राइव्ह आणा.

एक वेस अजून पुढे आहे. युनिक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. ३२ बिटांचे हे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल आणि पुढच्याच सेकंदाला १९०१ साल दाखवू लागेल. नव्या प्रणालींनी ६४ बिट घेतले आहेत. प्रश्न आहे तो कारखान्यांत, उपकरणांत वर्षानुवर्षे चालणाऱ्या जुन्या यंत्रांचा. मेमरी महाग असताना घरे मोजूनमापून ठेवणाऱ्यांना दोष देता येणार नाही. ती वेळेत वाढवण्याचे काम मात्र आपल्या पिढीचे आहे.