वाटेच्या दोन खुणा

मालवणच्या बंदरातून सिंधुदुर्गाकडे नाव नेणे हे नवख्याचे काम नव्हे. १६६४ साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर या जलदुर्गाचे काम आरंभिले. बेटाभोवती पाण्याखाली दडलेले खडक हाच त्याचा पहिला तट होय. त्या खडकांतून वाट काढणारा तांडेल एकाच खुणेवर कधी विसंबत नाही. देवळाचे शिखर दिसेनासे झाले, तर डोंगराचे टोक आहे. तेही धुक्यात बुडाले, तर पाण्याचा रंग आणि लाटेचा फेस आहे.

आकाशातील वाटाड्याची गोष्टही याहून निराळी नाही. नियंत्रण-कक्षातील अधिकारी बिनतारी संभाषण, रडार, संदेशवहन आणि धावपट्टीचे दिवे यांच्या आधारे विमानांना वाट दाखवितो. ही साधने बिघडली म्हणजे काय होते? फार दूर जावयास नको. तेरेखोल नदीपलीकडे, पेडणे तालुक्यात, मोपाचा विमानतळ आहे. २२ मे १९२४ नव्हे, तर अगदी अलीकडे, २२ मे २०२४ रोजी सायंकाळी तेथे वीज पडून धावपट्टीच्या कडेचे दिवे निकामी झाले. सहा विमाने अन्यत्र वळवावी लागली. प्रवाशांचा खोळंबा झाला. परंतु जीवावर बेतले नाही. कारण, पर्यायी विमानतळ कोणता आणि तेथवर जाण्यास इंधन किती, हा हिशेब उड्डाणापूर्वीच झालेला असतो.

दुसरी खूण नसली म्हणजे काय घडते, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिसले. दिल्लीच्या तत्कालीन रडारावर विमानाचे ठिकाण दिसे, उंची दिसत नसे. उंची कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वैमानिकाचा शब्द. कझाकस्तानचे विमान १५,००० फुटांवर थांबावयाचे, ते त्याखाली उतरले. समोरून सौदी अरेबियाचे विमान १४,००० फुटांवर येत होते. दोहोंची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र विमानातच असावे, असा नियम भारताने केला.

तथापि दुसरी खूण नुसती असून भागत नाही. ती पहिलीहून भिन्न जातीची असावी लागते. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये एका विमानाच्या मार्गपत्रकात एकाच संकेतनामाची दोन ठिकाणे आली. मुख्य संगणकास त्याचा उलगडा होईना, म्हणून तो थांबला. राखीव संगणकाने काम हाती घेतले; पण त्याचीही आज्ञावली तीच आणि पुढ्यातले पत्रकही तेच! तोही थांबला. मग माणसांनी हातांनी पत्रके भरण्यास आरंभ केला. काम मंदावले, सात लाखांहून अधिक प्रवाशांची गैरसोय झाली. परंतु अपघात एकही झाला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेश पोहोचविणारी यंत्रणा बिघडली, तेव्हाही हेच घडले. आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला आणि कर्मचाऱ्यांनी हातांनी काम रेटले.

वेंगुर्ले तालुक्यात चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गाचा विमानतळ सुरू झाला. प्रारंभीच्या वर्षांत तेथे विमाने दृष्टीच्या भरवशावर उतरत, आणि पावसाळी ढग दाटले की फेरी रद्द होई. मुंबईहून गावी निघालेला चाकरमानी त्यावर चिडे, हे स्वाभाविकच. पण दिसत नसता न उतरणे, यंत्र थांबले असता विमाने थोडी व सावकाश सोडणे, ही व्यवस्थेची दुर्बलता नव्हे. ज्या हातांनी हे काम निभवावयाचे, त्यांचा सराव यंत्रे नीट चालू असतानाच राखला पाहिजे, आणि त्यासाठी पुरेशी माणसेही नेमली पाहिजेत. विलंबाचे मोल घड्याळात मोजता येते. चरखी दादरीच्या शेतांत जे गेले, त्याचे मोल मोजता आलेले नाही.